टेक्स्चर जुळत नाहीये? आधी मॉडेल, मग माप, मग दिशा. सरकवणं सगळ्यात शेवटी

इमारतीच्या थ्रीडी मॉडेलवर टेक्स्चर (फरशी, वीट, लाकूड यांची पृष्ठभागावर लावायची इमेज) लावलं की कधी फरशीचे सांधे भिंतीच्या कोपऱ्यात कुठेतरी मध्येच कापले जातात, विटांचे थर दोन भिंतींवर वेगवेगळ्या उंचीवर येतात, दरवाज्याच्या आडव्या पट्टीवर लाकडाचे रेषे उभे दिसतात. असं काही दिसलं की बहुतेक जण टेक्स्चर पकडून सरकवायला लागतात. एक कोपरा जुळतो, समोरचा बिघडतो. तो सुधारायला माप थोडं ताणलं की पहिला पुन्हा हलतो. यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी हाती लागतो तो एका कॅमेऱ्यातून बरा दिसणारा, पण चुकीचाच मजला.

याचं कारण साधं आहे. माप बदललं किंवा टेक्स्चर फिरवलं, की ते एका ठरावीक बिंदूभोवती बदलतं. आधी सरकवून जुळवलेला सांधा त्यानंतर जागेवर राहूच शकत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एखादी पायरी तुमच्या मॉडेलला लागू नसेल तर सोडा, पण पुढची पायरी आधी करू नका.

## आधी दोष ओळखा

कशालाही हात लावण्यापूर्वी नेमकं काय चुकलंय ते ठरवा. लक्षणं ढोबळमानाने अशी असतात.

- एकच टाइल चौरसाऐवजी लांबट दिसते: वस्तूचं स्केल असमान आहे किंवा प्रोजेक्शन (इमेज पृष्ठभागावर कोणत्या दिशेने टाकली जाते ती पद्धत) चुकलंय.
- टाइल चौरस आहे पण फार मोठी किंवा फार लहान: इमेजचं माप किंवा फाइलचं एकक चुकलंय. फरक साधारण २.५४, २५.४ किंवा ३०४.८ पटींचा असेल तर शंकाच नको, इंच, फूट आणि मेट्रिक यांची गल्लत झाली आहे.
- भिंतीच्या वरच्या किंवा बाजूच्या कडेवर नुसत्या लांबच लांब रेघा: एकाच दिशेने टाकलेलं प्रोजेक्शन त्या कडेला समांतर जातंय.
- अक्षरं किंवा लोगो उलटा दिसतो: वस्तू मिरर झाली आहे किंवा फेस (मॉडेलचा एक सपाट पृष्ठभाग) उलटा आहे.
- कॅमेरा हलला की पृष्ठभाग लुकलुकतो: ही टेक्स्चरची अडचणच नाही. दोन फेस एकाच जागी एकमेकांवर आहेत, त्यातला एक काढा.

शेवटच्या प्रकारात लोक मटेरियल बदलून बदलून थकतात. आधी एक फेस लपवून बघा; खाली दुसरा दिसला तर उत्तर मिळालं.

## १. मॉडेल स्वच्छ करा

टेक्स्चर मॉडेलच्या स्केलवर बसतं. एखादी भिंत स्केल टूलने ओढून लांब केलेली असेल, तर प्रोग्रामच्या हिशेबी ती अजूनही जुन्याच मापाची आणि वरून ताणलेली आहे. तिच्यावर लावलेली वीटही तेवढीच ताणली जाते.

ब्लेंडर: ऑब्जेक्ट मोडमध्ये वस्तू निवडून कंट्रोल आणि ए दाबा आणि स्केल अप्लाय करा. साइडबारमध्ये तिन्ही आकडे १ दिसले पाहिजेत. मग एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबा, म्हणजे नॉर्मल (फेस कोणत्या बाजूला तोंड करून आहे ती दिशा) बाहेरच्या बाजूला वळतील.

थ्रीडीएस मॅक्स: युटिलिटीजमधून रीसेट एक्सफॉर्म चालवा आणि मॉडिफायर स्टॅक कोलॅप्स करा. मिरर केलेल्या वस्तूंचे फेस यानंतर उलटे होऊ शकतात, ते तिथल्या तिथे तपासा.

स्केचअप: फेस स्टाइल मोनोक्रोम करा. निळसर-करडे दिसणारे फेस मागच्या बाजूचे. त्यांना रिव्हर्स फेसेस द्या. ताणलेल्या कम्पोनंटवर राइट क्लिक करून स्केल डेफिनिशन चालवा.

स्केचअपमध्ये याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट बघून घ्या: मटेरियल ग्रुपवर लावलंय की आतल्या फेसवर? ग्रुपला बाहेरून रंगवलं असेल, तर आत जाऊन फेसवर राइट क्लिक केल्यावर टेक्स्चरचा पर्याय येतच नाही. ‘माझ्याकडे तो मेनू दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी इथेच असतं. ज्या फेसवर सांधे जुळवायचे आहेत तिथे मटेरियल थेट फेसलाच लावा. सपाट रंगाच्या वस्तू ग्रुपवर रंगवलेल्या राहिल्या तरी हरकत नाही.

> सावधान: मॉडेल मूळ बिंदूपासून (फाइलमधला ०,०,० हा बिंदू) फार दूर असेल तर आकडेमोडीची अचूकता घसरते आणि टेक्स्चर थरथरल्यासारखं किंवा किंचित तुटल्यासारखं दिसतं. साइट प्लॅनवरून आलेल्या फाइलमध्ये हे हमखास होतं. मॉडेल मूळ बिंदूजवळ आणा, मगच पुढे जा.

## २. इमेजचं खरं माप काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक चुका इथेच होतात आणि पुढे कितीही सरकवलं तरी त्या झाकल्या जात नाहीत.

प्रश्न एकच: या इमेजची रुंदी प्रत्यक्षात किती मिलिमीटर दाखवते? टाइल ६०० बाय ६०० मिमीची, इमेजमध्ये आडव्या चार आणि उभ्या चार. मग उत्तर २४०० असं वाटतं, पण सांधा विसरलात. सांधा ३ मिमीचा असेल तर एका टाइलची चाल (टाइल आणि तिचा सांधा मिळून अंतर) ६०३ मिमी होते आणि चार टाइल्सची २४१२. या १२ मिमीने काय बिघडणार असं वाटेल. पण माप २४०० दिलंत तर दर चार टाइल्समागे १२ मिमी फरक साचत जातो. १२ मीटरच्या लॉबीत तो साधारण ६० मिमी होतो. एका टोकाला खांबाच्या कडेशी नेमका बसलेला सांधा दुसऱ्या टोकाला तीन बोटं सरकलेला दिसतो, आणि मग तुम्ही तो सरकवायला जाता.

विटांचा हिशेबही असाच. वीट सांध्यासकट २२५ मिमी लांब आणि ७५ मिमी उंच धरा. इमेजमध्ये आडव्या ४ विटा आणि उभे १२ थर असतील तर ती ९०० बाय ९०० मिमीची झाली. इथे थरांची संख्या सम आहे का ते जरूर मोजा. साध्या बांधणीत एक थर सोडून एक थर अर्ध्या विटेने सरकलेला असतो; ११ थरांची इमेज वर पुन्हा लागली की दोन सारखे थर एकमेकांवर येतात आणि भिंतीवर ठरावीक अंतराने आडवी शिवण दिसते. माप किंवा जागा बदलून ती जात नाही. इमेजच कापावी लागते.

इमेज कापताना दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सांधा ठेवा, किंवा एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला शून्य. दोन्हीकडे पूर्ण ठेवलात तर जोडावर दुप्पट जाड रेघ येते.

काढलेलं माप फाइलच्या नावातच लिहून ठेवा. पुढच्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा मोजायला लागत नाही.

## ३. खरं मटेरियल बाजूला ठेवा, चेकर लावा

लाकूड आणि संगमरवर डोळ्यांना फसवतात. ताणलेला संगमरवर कित्येकदा सुंदरच दिसतो. म्हणून त्या जागी तात्पुरतं चौकटींचं टेक्स्चर लावा, शक्यतो प्रत्येक चौकटीत आकडा असलेलं. ब्लेंडरमध्ये नवीन इमेज तयार करताना कलर ग्रिड निवडलंत तर असं टेक्स्चर आयतं मिळतं.

आता तीन गोष्टी बघा:

1. चौकट सगळीकडे चौरस आहे का?
2. शेजारच्या दोन वस्तूंवर चौकटींचा आकार सारखा आहे का?
3. आकडे सुलटे वाचता येतात का?

तीनही उत्तरं ‘हो’ आल्याशिवाय चेकर काढू नका. एकही ‘नाही’ असेल तर पहिल्या पायरीवर परत जा किंवा पुढचं प्रोजेक्शन दुरुस्त करा.

## ४. पृष्ठभागाला साजेसं प्रोजेक्शन निवडा

फरशी किंवा छत यांना प्लेनर (एकाच दिशेने टाकलेलं) पुरतं. भिंत, खांब, पायऱ्या यांना बॉक्स. गोल खांबाला सिलिंडर. ओबडधोबड जमीन, काँक्रीट, गिलावा यांना ट्रायप्लेनर फार सोयीचं पडतं, कारण ते तिन्ही दिशांची प्रोजेक्शनं कडेवर एकमेकांत मिसळतं. याच कारणाने टाइल्स आणि विटांना ते लावू नका. जिथे दोन दिशा मिसळतात तिथे सांधे धूसर होतात.

ब्लेंडरमध्ये टेक्स्चर कोऑर्डिनेट नोडमधलं जनरेटेड वापरून लोक फसतात. ते इमेज वस्तूच्या एकूण आकारमानावर ताणून बसवतं, त्यामुळे ३ मीटर आणि ९ मीटरच्या भिंतीवर वीट वेगवेगळ्या लांबीची दिसते. वास्तूच्या कामात यूव्ही (फेस सपाट उलगडून त्यांवर इमेज बसवणं) किंवा ऑब्जेक्ट हेच दोन पर्याय कामाचे.

## ५. माप, मग दिशा, मग जागा

आता खरं मटेरियल लावा. याच क्रमाने.

### माप

मॅक्स: यूव्हीडब्ल्यू मॅप मॉडिफायर, बॉक्स, आणि लांबी, रुंदी, उंची या तिन्ही रकान्यांत इमेजचं माप: २४१२ मिमी. बिटमॅपमधलं टायलिंग १ आणि ऑफसेट ० ठेवा. माप एकाच ठिकाणी नियंत्रित करायचं. मॉडिफायर आणि बिटमॅप दोन्हीकडे आकडे दिलेत तर ते एकमेकांशी गुणले जातात, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला काहीच उलगडत नाही. ‘रिअल वर्ल्ड मॅप साइझ’ची खूणही दोन्हीकडे सारखीच हवी. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद राहिली की टेक्स्चरऐवजी नुसता सपाट रंग दिसू शकतो.

ब्लेंडर: फरशीसाठी ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट, पुढे मॅपिंग नोड. एकक मीटर असेल तर स्केलमध्ये १ भागिले २.४१२, म्हणजे ०.४१४६. रकान्यात १/२.४१२ असंच टाइप केलंत तरी चालतं, भागाकार तो स्वतः करतो. भिंतींसाठी इमेज टेक्स्चर नोडमध्ये फ्लॅटऐवजी बॉक्स निवडा.

स्केचअप: मटेरियलच्या एडिट टॅबमध्ये रुंदीचा आकडा भरा. रुंदी-उंचीची साखळी जोडलेलीच ठेवा.

रेव्हिट: अपिअरन्स टॅबमध्ये इमेजवर क्लिक करून सॅम्पल साइझ भरा. ग्राफिक्स टॅबमधला सरफेस पॅटर्न ही वेगळी गोष्ट आहे, पण त्याची चालही ६०३ मिमीच ठेवा. नाहीतर ड्रॉइंगमधले सांधे एकीकडे आणि रेंडरमधले (मॉडेलवरून काढलेल्या अंतिम चित्रातले) दुसरीकडे.

### दिशा

लाकडात दिशेकडे दुर्लक्ष झालं की रेंडर लगेच खोटा वाटतो. दरवाज्याच्या चौकटीत उभ्या पट्ट्यांवर रेषे उभे आणि आडव्या पट्ट्यांवर आडवे हवेत. त्यासाठी पट्ट्या वेगळ्या वस्तू किंवा निदान वेगळे फेस असायला हवेत. एकाच फेसमध्ये ‘यू’ आकाराची चौकट काढली असेल तर कोपऱ्यात रेघ मारून ती तीन भागांत तोडा. टेबलाच्या फळीच्या कडेवर रेषे फळीच्या लांबीच्या दिशेनेच जातात, आणि फळीच्या टोकाला मात्र रेषे नव्हे तर कापलेल्या खोडाचा छेद दिसतो. जवळच्या दृश्यात त्या टोकाला वेगळी इमेज लावण्याचे कष्ट घ्या.

फिरवायचं ते मॅपिंग, इमेज नव्हे. इमेज एडिटरमध्ये नॉर्मल मॅप (उंचवटे आणि खाचांचा भास देणारी इमेज) ९० अंशांत फिरवलात तर चित्र फिरतं, पण त्यातल्या लाल आणि हिरव्या चॅनेलमधली दिशेची माहिती जुनीच राहते. मग उजेड एका बाजूने येतो आणि सांध्यांचे उंचवटे भलत्याच बाजूने उजळतात.

### जागा

आता सरकवा. पण कुठे? इथे फरशी बसवणाऱ्या कारागिराचा विचार करा. तो कोपऱ्यातून आंधळेपणाने सुरुवात करत नाही. कापलेला तुकडा कुठे येईल ते आधी मोजतो.

खोली ४२५० मिमी रुंद आहे. ६०३ च्या चालीने ७ टाइल्स ४२२१ मिमी व्यापतात आणि एका भिंतीशी २९ मिमीची बारीक पट्टी उरते. प्रत्यक्षात अशी पट्टी कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि रेंडरमध्येही ती लगेच खटकते. त्याऐवजी ६ पूर्ण टाइल्स मध्ये घ्या, म्हणजे ३६१८ मिमी. उरलेले ६३२ दोन्ही बाजूंना वाटले की प्रत्येकी ३१६, अर्ध्या टाइलहून जास्त. म्हणजे खोलीच्या मध्यरेषेवर टाइलचा मध्य ठेवायचा नाही, सांधा ठेवायचा. टाइल्सची संख्या सम असो वा विषम, कोणता बिंदू कुठे यायला हवा हे कागदावर ठरवून मगच माउस हातात घ्या.

भिंतीच्या विटांसाठी थर तयार फरशीच्या पातळीपासून सुरू करा. ७५ मिमीच्या थराने ९०० मिमीची खिडकीची सिल बाराव्या थरावर आणि २१०० मिमीचा दरवाज्याचा माथा अठ्ठाविसाव्या थरावर बरोबर बसतो. माथा २१३० वर असेल तर वीट ताणून जुळवू नका. उघड्या विटांच्या बांधकामात उंची थरांवरूनच ठरते, तेव्हा ती बाब आराखडा करणाऱ्याला विचारा.

स्केचअपमध्ये नेमकं बसवायची पद्धत अशी. फेसवर राइट क्लिक, टेक्स्चर, पोझिशन. चार रंगीत पिना दिसतात. लाल पिनवर फक्त क्लिक करा, ओढू नका. ती उचलली जाते. तिला दोन सांधे मिळतात त्या बिंदूवर टेकवा. आता तीच पिन ओढून खोलीच्या ठरवलेल्या बिंदूवर न्या, टेक्स्चर तिच्या मागे येतं. फिरवायचं असेल तर हिरवी पिन तुटक कंसाच्या रेघेवरूनच हलवा. कंस सोडलात की मापही बदलतं आणि मागची सगळी मेहनत वाया जाते. निळ्या आणि पिवळ्या पिनांना हात लावू नका. त्या टेक्स्चर तिरपं करतात आणि ओढतात; फोटोवरून मॉडेल करताना उपयोगी, इथे घातक.

एका फेसवर जुळलं की पेंट बकेट घ्या, ऑल्ट दाबून त्या फेसवरून मटेरियल उचला आणि शेजारच्या फेसवर लावा. कोपऱ्यावरून सांधे पुढे तसेच चालू राहतात. पॅलेटमधून मटेरियल पुन्हा निवडलंत तर जागा विसरली जाते.

रेव्हिटमध्ये मॉडेल पॅटर्न वापरला असेल तर अलाइन टूलने पॅटर्नची रेघ भिंतीच्या कडेशी जुळवता येते. रेघ निवडायला टॅब दाबावा लागतो. ड्राफ्टिंग पॅटर्न असा जुळवता येत नाही. ग्राफिक्स टॅबमधलं टेक्स्चर अलाइनमेंट उघडून इमेज पॅटर्नवर आधी बसवून घ्या.

> तपासा: दोन भिंती वेगळ्या वस्तू असतील तर त्यांचे थर एकाच रेषेत आहेत का? प्रत्येक वस्तूला स्वतंत्र मॅपिंग दिलं की प्रत्येकाचा आरंभबिंदू वेगळा पडतो. मॅक्समध्ये एका भिंतीचं मॅपिंग अक्वायर करून दुसरीला द्या. ब्लेंडरमध्ये एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी, फक्त जागा दाखवणारी वस्तू) ठेवा आणि टेक्स्चर कोऑर्डिनेटच्या ऑब्जेक्ट रकान्यात सगळ्यांसाठी तोच निवडा. एम्प्टी हलवला की सगळ्या भिंतींचे थर एकत्र हलतात.

## ६. गोल पृष्ठभाग

४५० मिमी व्यासाच्या खांबाचा परीघ सुमारे १४१४ मिमी. ३०० मिमीची टाइल त्यावर ४.७ वेळा बसते, म्हणजे मागे कुठेतरी अर्धवट टाइल येणार. पूर्णांक घ्या: ५ वेळा, प्रत्येकी सुमारे २८३ मिमी. इथे मापात तडजोड करायला हरकत नाही, कारण शिवण दिसण्यापेक्षा १७ मिमीचा फरक कितीतरी कमी खुपतो. शिवण तरीही कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळवा.

स्केचअपमध्ये वक्र भिंतीसाठी हिडन जिऑमेट्री चालू करा, एका पट्टीवर टेक्स्चर जुळवा आणि ऑल्टने उचलत एकेक पट्टी रंगवा. पट्ट्या क्रमाने घ्या, मधली सोडू नका. उंचसखल जमिनीला ही पद्धत नको. तिथे वरच्या सपाट फेसवर लावलेलं टेक्स्चर प्रोजेक्टेड करून खाली उतरवा.

## ७. बाकीचे मॅप विसरू नका

रंगाची इमेज जुळली म्हणजे मटेरियल जुळलं असं नाही. रफनेस (खडबडीतपणा), नॉर्मल, डिस्प्लेसमेंट (उंचसखलपणा) या सगळ्या इमेजना तेच माप, तीच दिशा, तीच जागा हवी. नाहीतर रंगातला सांधा एका रेषेवर आणि खाचेची सावली तिच्यापासून दोन बोटांवर पडते. सपाट उजेडात हे कळत नाही. सूर्य खाली आणून तिरपा उजेड पाडा, लगेच उघडं पडतं.

ब्लेंडरमध्ये एकच मॅपिंग नोड सगळ्या इमेजना जोडा. नॉर्मल आणि रफनेसचा कलर स्पेस नॉन-कलर ठेवा. सांधा आत जाण्याऐवजी वर आलेला दिसला तर नॉर्मल मॅप ओपनजीएलचा आहे की डायरेक्टएक्सचा ते बघा. दोघांत हिरवा चॅनेल उलटा असतो.

## ८. रेंडर प्रोग्राममध्ये नेल्यावर

लुमियनमध्ये त्याच्या लायब्ररीतलं मटेरियल लावलं की तुम्ही बसवलेलं मॅपिंग बाजूला पडतं. मूळ मॅपिंग हवं असेल तर स्केलची पट्टी ० वर आणा. एन्स्केपमध्ये दोष दिसला तर तिथे शोधत बसू नका, ते मॅपिंग मूळ मॉडेलमधूनच येतं. स्केचअप किंवा रेव्हिटमध्ये जाऊन दुरुस्त करा.

व्ह्यूपोर्टवर (मॉडेल करताना दिसणाऱ्या दृश्यावर) विसंबून काम संपवू नका. तिथे इमेज कमी रेझोल्यूशनमध्ये दिसू शकते आणि बारीक सांधे गायब होतात. तीन छोटे रेंडर काढा: फरशीचा वरून सरळ, कोपऱ्याचा जवळून, आणि लांबच लांब भिंतीचा तिरप्या उजेडात. वरच्या दृश्यात कॅमेरा ऑर्थोग्राफिक ठेवा, म्हणजे दृष्टिकोनामुळे तिरकी भासणारी रेघ आणि खरोखर तिरकी रेघ यांत गोंधळ होणार नाही. या तीनपैकी एकात दोष निघाला तर चेकर परत लावा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा या. थेट जागा बदलायला जाऊ नका.